स्वातंत्र्यवादी पत्रकें आणि सानगडीकडील तलावांचें दप्तर

साकोली तालुक्यांतील सानगडी येथें इतिहासप्रेमी मंडळी जातात ती बहुधा तेथील किल्ला पाहण्यासाठीं. सानगडी हें नांव ‘सहानगड’ म्हणजे लहान गड यावरून पडलें असें सांगतात, आणि थोरला गड म्हणून प्रतापगडाकडे बोट दाखवितात. आम्हीही गेलों तें किल्ल्यासाठींच. परंतु ज्या गृहस्थांकडे आमचा मुक्काम होता त्यांनीं निघतेवेळीं फळीवरून दोन बासनें खालीं काढलीं. एकांत वाजिब-उल-अर्जाच्या जुन्या नकला व तलावाच्या पाण्यासंबंधींचे थोडे कागद होते. दुसऱ्यांत गेल्या साठ-सत्तर वर्षांतील छापील पुस्तिका होत्या, खुल्या व्यापाराचा, खाजगी मालकीचा व व्यक्तिस्वातंत्र्याचा पुरस्कार करणाऱ्या. पहिलें बासन ‘पाहून परत पाठवा’ असें बजावून त्यांनीं आमच्या हातीं दिलें. दुसरें ‘हवें तर न्या, रद्दीच आहे’ असें म्हणून. हा भेद आम्हांस मान्य नाहीं. दोन्ही बासनें शेजारीं ठेवून वाचलीं असतां पहिल्याचा प्रकाश दुसऱ्यावर कसा पडतो, व दुसऱ्यांतील लेखकांनीं पहिलें न उघडल्यामुळें त्यांच्या लिखाणांत काय उणें राहिलें, हें या परीक्षणांत दाखविण्याचा हेतु आहे.

या पुस्तिकांचें कूळ युरोपांतलें. धान्याच्या आयातीवरील जकातीविरुद्ध मँचेस्टरच्या व्यापाऱ्यांनीं १८३८ पासून चळवळ उभारून १८४६ सालीं तो कायदा रद्द करविला, तेव्हांच स्वस्त छापील कागदाचें सामर्थ्य युरोपास कळून चुकलें होतें. पुढें दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस हा पक्ष अगदीं निःसत्त्व झाला. १९४४ सालीं फ्रीड्रिख हायेक यानें ‘दि रोड टु सर्फडम’ हा ग्रंथ लिहिला. १९४७ च्या एप्रिलांत स्वित्झर्लंडांतील माँ पेलराँ या ठिकाणीं त्यानें एकोणचाळीस विद्वानांस एकत्र जमविलें, आणि त्या बैठकींतून त्याच नांवाची सभा निघाली. अँटनी फिशर नांवाच्या एका इंग्रजानें हायेकच्या ग्रंथाचा संक्षेप मासिकांत वाचला व राजकारणांत पडावें कीं काय असें त्यासच जाऊन विचारलें. निवडणुकीच्या नादीं न लागतां लिहिणाऱ्या-शिकविणाऱ्या लोकांचीं मतें पालटावीं, असा सल्ला त्यास मिळाला. या फिशरनें कोंबड्यांच्या धंद्यांत पैसा मिळविला, १९५५ सालीं लंडनांत ‘इन्स्टिट्यूट ऑफ इकॉनॉमिक अफेअर्स’ ही संस्था काढली, आणि १९८१ त असल्या संस्था देशोदेशीं निघाव्या म्हणून ‘अ‍ॅटलास’ ही आणखी एक स्थापिली. पूर्व युरोपांतील साम्यवादी सत्ता ढासळूं लागतांच तिकडेही हें लोण पोंचलें. लिथुआनियांतील अशी संस्था १९९० ची आहे.

अशा संस्थेस इंग्रजींत ‘थिंक टँक’ म्हणतात. भंडाऱ्याकडील तलावांसही सरकारी इंग्रजी कागदांत ‘टँक’ हाच शब्द येतो. दोन्ही बासनें एका फळीवर येण्याचें कारण तें खास नव्हे, तरी योगायोग नोंदून ठेवण्यासारखा वाटला.

आपल्याकडे हा विचार माँ पेलराँच्या पुष्कळ आधीं आला होता, हें मात्र पुस्तिकाकारांपैकीं थोड्यांच्याच ध्यानीं असावें. लोकहितवादींचें ‘लक्ष्मीज्ञान’ १८४९ चें, कृष्णशास्त्री चिपळूणकरांची ‘अर्थशास्त्रपरिभाषा’ १८५५ ची. म्हणजे मँचेस्टरवाल्यांचा विजय होऊन दहा वर्षें लोटण्याच्या आंत त्यांचें शास्त्र मराठींत उतरूं लागलें होतें. त्यावरील पहिली भारदस्त टीकाही आपल्याच मंडळींनीं केली. न्यायमूर्ति रानडे यांनीं १८९२ सालीं डेक्कन कॉलेजांत हिंदी अर्थशास्त्रावर जें व्याख्यान दिलें, त्याचा गाभा एवढाच कीं, इंग्रज ग्रंथकारांचे सिद्धान्त हे कांहीं गृहीत गोष्टींवर रचलेले आहेत. त्या गोष्टी ज्या देशांत नाहींत तेथें ते जसेच्या तसे लावूं नयेत, प्रथम त्या देशाचा इतिहास व स्थिति पाहावी. १९०० सालीं मराठ्यांच्या सत्तेच्या उदयावर ग्रंथ लिहिणारा हात आणि हा हात एकच, ही गोष्ट आमच्या वाचकांस सांगावयास नको. युरोपांतही त्याच सुमारास, १८८३ पासून, व्हिएन्नाचा मेंगर व जर्मनीचा श्मोलर यांच्यांत सिद्धान्त आधीं कीं इतिहास आधीं या प्रश्नावरून मोठा वाद पेटला होता. हायेक हा मेंगरच्या परंपरेंतला; रानड्यांचा कल दुसऱ्या बाजूस. त्या वादाचा निकाल येथें लावण्याचें प्रयोजन नाहीं. परंतु ज्या मराठी लेखकास खुल्या व्यापाराची बाजू मांडावयाची आहे त्यास रानड्यांस उत्तर दिल्यावांचून पुढें जातां येणार नाहीं, आणि आमच्या हातीं आलेल्या पुस्तिकांत असें उत्तर दिलेलें आढळलें नाहीं.

स्वातंत्र्यानंतरच्या संस्थांत पहिला मान ‘फोरम ऑफ फ्री एंटरप्राइझ’चा. ती १९५६ सालीं मुंबईस ए. डी. श्रॉफ यांनीं काढली. हेच श्रॉफ १९४४ च्या ‘बाँबे प्लॅन’वर सही करणाऱ्या आठांपैकीं एक, आणि त्या योजनेंत सरकारच्या हातीं पुष्कळच सत्ता देऊं केली होती. बारा वर्षांत मत असें कां पालटलें याचा उलगडा ज्या कागदांवरून होईल ते आमच्या मतें फोरमच्या पुढील व्याख्यानांपेक्षां अधिक मोलाचे ठरतील. याहूनही विलक्षण उदाहरण रणछोडदास लोटवाला यांचें. १९२२ च्या सुमारास डांग्यांच्या ‘सोशलिस्ट’ पत्रास ज्यांनीं पैसा पुरविला, त्यांनींच उतारवयांत ‘इंडियन लिबर्टेरियन’ चालविलें. दुसऱ्या पंचवार्षिक योजनेच्या वेळीं, १९५५ त, अर्थशास्त्रज्ञांच्या मंडळांत एकट्या बी. आर. शेणॉय यांनीं भिन्नमतपत्रिका जोडली, ती तर या वाङ्मयांतील सर्वांत निर्भय लेख म्हणावी लागेल. तींत अलंकार नाहींत, आंकडे आहेत.

तथापि या सर्व लिखाणाची भाषा इंग्रजी, आणि वाचक मुंबईचा. नागपुरास १९५९ च्या जानेवारींत काँग्रेसनें सामुदायिक सहकारी शेतीचा ठराव केला. त्याच वर्षीं राजाजी, रंगा व मसानी यांनीं ‘स्वतंत्र पक्ष’ उभारला, त्यास हा ठराव विशेष कारण झाला. म्हणजे ज्या प्रश्नावरून पक्ष जन्मला तो खेड्यांतील जमिनीचा होता आणि ठराव झाला तें गांव सानगडीहून फार दूर नव्हे. परंतु या बाजूच्या शेतकऱ्यास त्याच्या भाषेंत त्या पक्षाचें म्हणणें कितपत कळलें याची शंकाच आहे. भंडाऱ्यानें तर १९५४ च्या पोटनिवडणुकींत अशोक मेहता या समाजवादी पुढाऱ्यास लोकसभेंत धाडलें होतें, आणि तेच पुढें नियोजन मंडळाचे उपाध्यक्ष झाले.

ही उणीव भरून काढली ती शरद जोशी यांनीं. त्यांच्या पुस्तिका आमच्या बासनांत सर्वांत जास्त होत्या व सर्वांत जास्त हाताळलेल्याही त्याच होत्या. १९६८ पासून सुमारें नऊ वर्षें ते बर्न येथें जागतिक टपाल संघाच्या नोकरींत होते. ती सोडून चाकणजवळ आंबेठाणला त्यांनीं कोरडवाहू जमीन घेतली, स्वतः शेतीचा जमाखर्च मांडला, आणि शेतकऱ्यास तोटा होतो तो आळसामुळें किंवा अडाणीपणामुळें नव्हे, तर भाव पाडले जातात म्हणून, असा निष्कर्ष काढला. १९८० च्या कांदा आंदोलनानें त्यांचें नांव महाराष्ट्रभर झालें. त्यांचें गद्य वाचतांना प्रथम जाणवतें तें हें कीं, परदेशी ग्रंथकाराचा आधार न घेतां ते बोलूं शकतात. जमाखर्चाची वही हाच त्यांचा ग्रंथ. मुंबईच्या फोरमला जें पंचवीस वर्षांत साधलें नाहीं तें त्यांनीं बाजाराच्या ओट्यावर उभें राहून साधलें. १९८६ च्या चांदवडच्या महिला अधिवेशनानंतर ‘लक्ष्मीमुक्ति’ या नांवानें त्यांनीं शेतकऱ्यांकडून घरच्या लक्ष्मीच्या नांवें जमीन करवून घेतली. मालकी म्हणजेच स्वातंत्र्य हें तत्त्व इतक्या प्रत्यक्ष रीतीनें युरोपांतल्या कोणत्या संस्थेनें अमलांत आणलें असेल असें वाटत नाहीं.

दोष दाखविणेंही प्राप्त आहे. पहिल्या काळांतील पुस्तिकांत रास्त भावाची मागणी सरकारपाशीं आहे. डंकेल प्रस्तावाच्या वेळेपासून व १९९४ सालीं ‘स्वतंत्र भारत पक्ष’ निघाल्यानंतर भर आहे तो सरकारनें मधून निघून जावें यावर. दोहोंत विरोधच आहे असें आम्ही म्हणत नाहीं. दोहोंचें मूळ एकच असल्याचें जोशींचे अनुयायी सांगतात व त्यांत तथ्यही आहे. परंतु हें स्थित्यंतर कोणत्या वर्षीं, कोणत्या प्रसंगानें झालें, हें पुनर्मुद्रित पुस्तिकांवरून उमगत नाहीं. दुसरा दोष खोल आहे. जोशींचा शेतकरी एकटा आहे. त्याची जमीन, त्याचा माल, आणि समोर बाजार. कांद्यास व तंबाखूस हें चित्र लागू पडतें. धानास तें तसें लागू पडत नाहीं, कारण धानास पाणी लागतें, आणि सानगडीच्या टापूंत तें पाणी एकट्याचें कधींच नव्हतें.

येथें पहिलें बासन उघडावें लागतें.

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली व नागपूर या जिल्ह्यांत मिळून ज्यांस ‘माजी मालगुजारी’ म्हणजे बोलभाषेंत ‘मामा’ तलाव म्हणतात ते सहा हजारांहून अधिक आहेत. बांधणारे पुष्कळ ठिकाणीं कोहळी. चांद्याच्या गोंड राजानें त्यांस काशीहून आणलें अशी त्यांची परंपरागत समजूत रसेल व हिरालाल यांनीं १९१६ च्या आपल्या ग्रंथांत नमूद केली आहे. नवेगांव व सिरेगांव येथील थोर तलाव त्यांचेच. जो तलाव बांधील त्यास तलावाखालीं भिजेल तेवढी जमीन द्यावी असा गोंड राजांचा रिवाज होता, असें परंपरा सांगते. पाळ कोणी राखावी, तुडुम केव्हां उघडावें, नहरीचें पाणी आधीं कोणत्या बांधींत जावें, हें सर्व रिवाजानें ठरे. इंग्रजी अमलांत बंदोबस्ताच्या वेळीं गांवोगांवचे रिवाज वाजिब-उल-अर्जांत लिहून घेतले गेले, त्यांत पाण्याचेही आले.

मध्यप्रदेश सरकारनें १९५० सालीं मालगुजारी नष्ट करणारा कायदा केला. १९५१ च्या मार्च अखेरीस तलाव सरकारांत दाखल झाले. मालगुजार गेला, त्याची जागा प्रथम महसूल खात्यानें, मग पाटबंधाऱ्यांनीं व जिल्हा परिषदेनें घेतली. पाळी खचल्या, तळीं गाळानें भरलीं, कित्येक तलावांत आज पाण्यापेक्षां बेशरमाची झाडीच अधिक दिसते.

स्वातंत्र्यवादी लेखकास याहून सोयीचें उदाहरण कोणतें मिळणार? खाजगी मालकीनें बांधलें, सरकारनें बुडविलें. शिवाय संविधानाच्या नवव्या परिशिष्टाविषयीं या मंडळींचा रोष प्रसिद्धच आहे. १९५१ च्या पहिल्या दुरुस्तीनें जे तेरा कायदे न्यायालयाच्या कक्षेबाहेर ठेवले गेले, त्यांच्या यादींत आठवा हाच मध्यप्रदेशचा कायदा. (सातवा परगणा व कुलकर्णी वतनें नष्ट करणारा, वतनी कागद जमविणाऱ्या आमच्या मित्रांस तो परिचित असेल.) आणि तरी नवव्या परिशिष्टावर पानेंच्या पानें लिहिणाऱ्या ज्या पुस्तिका आम्ही पाहिल्या, त्यांत यादींतील एका कायद्याचाही प्रत्यक्ष परिणाम एखाद्या गांवाच्या कागदांवरून तपासलेला नाहीं. तत्त्व बरोबर असल्यावर पुरावा कशाला, अशी कांहींशी वृत्ति दिसते.

पुरावा पाहिला असता तर उदाहरण वाटतें तितकें सोपें नाहीं हें कळलें असतें. मालगुजारांस पुरी मालकी मिळाली ती १८६० नंतरच्या दशकांतील बंदोबस्तांत, इंग्रजांकडून. तत्पूर्वीं भोसल्यांच्या अमदानींत पाटील हा गांवचा वसूल गोळा करणारा मक्तेदार. तो धनी नव्हता, हें जेंकिन्सच्या १८२७ च्या नागपूर राज्यावरील अहवालावरूनही दिसतें. मोठे तलाव तर परंपरेनें याहूनही जुने. म्हणजे ज्या मालकीस तलावांचें श्रेय द्यावयाचें ती मालकीच तेव्हां नव्हती. होतें तें सशर्त दान, आणि शर्त मोडल्यास जातीची व गांवाची बूज. तलावही एकाचा नव्हता. पाण्यावर धानवाल्यांचा हक्क, माशांवर ढिवरांचा, गाळावर व पाणवठ्यावर सर्व गांवाचा. दुसऱ्या बाजूनें, मालगुजार कुळांकडून वेठ घेत, ही गोष्ट मध्यप्रांतांत सर्वश्रुत होती. पाळींवर पडलेल्या मातींत तिचाही वांटा नाकारतां येत नाहीं. स्वातंत्र्याचा इतिहास लिहूं पाहणाऱ्यानें वेठ गाळून पुढें जावें हें आम्हांस अक्षम्य वाटतें.

विरोधी पक्षासही हें दप्तर सोयीचें नाहीं. मालगुजारी गेली, कुळें मुक्त झालीं, एवढें सांगून जे थांबतात त्यांनीं पाळ दुरुस्त करण्याचें कर्तव्य मालगुजारीबरोबरच कोठें गेलें याचा शोध केला नाहीं. हक्क निस्तारपत्रकांत उतरले. कर्तव्य कोणाच्याच नांवावर चढलें नाहीं. कायदा करतांना वाजिब-उल-अर्जातील पाण्याचीं कलमें कोणीं मनापासून वाचलीं असतीं, तर ही चूक टळण्यासारखी होती, असें आमचें मत आहे.

आश्चर्य असें कीं, ज्या युरोपीय गुरूंचीं नांवें या पुस्तिकांत वारंवार येतात त्यांच्याच घरीं या प्रश्नास उपयोगी हत्यार तयार होतें. हायेकनें १९७३ ते १९७९ या काळांत कायदा व स्वातंत्र्य यांवर जो तीन खंडांचा ग्रंथ लिहिला, त्यांत कायदा हा विधिमंडळाहून जुना आहे, तो बराचसा रिवाजांतून उगवतो व शोधावा लागतो, असें प्रतिपादन आहे. पुढें एलिनॉर ऑस्ट्रॉम या अमेरिकन विदुषीनें १९९० च्या आपल्या ग्रंथांत सामायिक पाणी, कुरणें व मासेमारी यांचा कारभार लोक स्वतःच्या नियमांनीं शतकानुशतकें कसा चालवीत आले हें देशोदेशींच्या उदाहरणांनीं दाखविलें. त्याबद्दल २००९ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. सरकार किंवा खाजगी मालक या दोहोंवांचून तिसरी वाट असूं शकते, हें तिचें सांगणें. आणि तिला २०१२ सालीं लंडनांत व्याख्यानास कोणीं बोलाविलें? फिशरच्या त्याच संस्थेनें, हायेकच्याच नांवें चालणाऱ्या व्याख्यानमालेंत. तें व्याख्यान संस्थेनें छापूनही काढलें. मूळ पीठ इतकें पुढें गेलें असतां आपल्याकडील शाखा अजून पहिल्या धड्यावर आहे. रानड्यांचें व्याख्यान ज्यांच्या हाताशीं होतें त्यांस हा धडा लंडनाहून येण्याची वाट पाहण्याचें कारण नव्हतें.

असें असलें तरी हें वाङ्मय रद्दी नव्हे. सरकारी अहवालांत जी बाजू येत नाहीं ती याच कागदांत आहे. एका काळच्या शेतकऱ्यानें काय वाचलें, कोणत्या ओळीखालीं रेघ ओढली, हें यांवरूनच कळेल. आमच्या हातीं आलेल्या एका पुस्तिकेच्या मलपृष्ठावर कोणीं धानाच्या खंडींचा हिशेब केला आहे. असला हिशेब बखरीच्या पाठीवर आढळला असता तर आपण त्याचा ठसा घेतला असता. मोडी दप्तरें सांभाळणाऱ्या मंडळींनीं या पुस्तिकाही सांभाळाव्या, आणि तलावांचे कागद ज्यांच्या घरीं आहेत त्यांच्याकडून निदान नकला तरी करून घ्याव्या. सानगडी, साकोली व नवेगांव या बाजूस मालगुजारांच्या वंशजांच्या माळ्यांवर असे कागद अजून निघतील. वाजिब-उल-अर्ज हा तहसिलींत मिळतो म्हणून घरची नकल टाकून देऊं नये. घरच्या नकलेच्या समासांत पुष्कळदां पुढील भांडणांच्या नोंदी असतात, तहसिलींतल्या प्रतींत त्या नसतात.

पुस्तिकांविषयीं एक सूचना. पुनर्मुद्रणांवर बहुधा नवीन वर्ष तेवढें छापतात, पहिल्या आवृत्तीचें देत नाहींत. याकरितां संग्राहकानें पुस्तिका कोठून व कोणत्या तारखेस मिळाली हें आंतल्या पानावर शिसपेन्सिलीनें लिहावें, शाईनें लिहूं नये. आणि सभेच्या वेळीं वांटलेलीं सुटीं पत्रकें पुस्तिकेंत घातलेलीं आढळल्यास तीं तेथून काढूं नयेत, कारण कित्येकदां पुस्तिकेची तारीख ठरविण्यास तेवढेंच साधन उरतें.